बघूसरांना लाल कार्ड

पलीकडच्या शाळेच्या क्रीडाप्रमुख बाईंचं पत्र बघूसरांना मिळालं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि त्याला उत्तर दिलं नाही. एवढंच! पुढे जो काही धुमाकूळ झाला तो सरांनी काही केल्यामुळे झाला नाही, काहीच न केल्यामुळे झाला. आणि तरीही सगळी शाळा त्यांच्याच अंगावर धावून आली, म्हणजे बघा!

बरं, उत्तर न देण्यामागे आळस नव्हता. सिद्धान्त होता! शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सर तो मोठ्या ऐटीत ऐकवत. "पत्राला घाईने उत्तर देऊ नये. महिनाभर नुसतं ठेवून द्यावं. महिन्याभरात पत्र आपलं उत्तर आपणच देतं. निम्म्या अडचणी मी अशाच सोडवल्यात!"

उरलेल्या निम्म्या अडचणी कुठे गेल्या, हे कुणी विचारत नसे. त्या मैदानावर उभ्या असत.

आता असा पुस्तकात नाक खुपसून बसणारा माणूस शाळेचा क्रीडाप्रमुख झालाच कसा, असं तुम्ही विचाराल. मूळचे ते इतिहास शिकवायचे आणि ग्रंथालय सांभाळायचे. आधीचे क्रीडाप्रमुख, ज्यांची छाती दारातून त्यांच्या आधी आत यायची, ते दुसऱ्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, सभेत विचारलं, "हे काम कोण घेईल?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे त्यांची मान तेवढी वर राहिली.

"सर, तुम्ही शाळेच्या मासिकात खेळाच्या महत्त्वावर लेख लिहिला होता ना?"

"हो, पण तो—"

"झालं तर!"

झालं. क्रीडाप्रमुखाला पळावं लागत नाही, हे सरांचं नशीब. मैदान कुणाला कधी द्यायचं, बस कधी बोलवायची, पंच कोण, पालकांची परवानगी आली का, चेंडूंच्या खोलीची किल्ली कुणी खिशात घालून नेली, हे सगळं बसून करायचं काम. सरांनी ते उत्तम केलंही असतं. पण त्यात रोज कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं, आणि 'नाही' हा शब्द सरांच्या घशातून कधी बाहेरच पडला नव्हता. 'हो' म्हणायलाही ते बिचकत. मग उरलं काय? "बघू!" मैदान मिळेल का? बघू. बस येईल का? बघू. घरी सून विचारायची, "बाबा, चहा टाकू का?" "बघू!" सगळी शाळा त्यांना बघूसर म्हणायची, आणि शाळेला वाटायचं आपण हे सरांना कळू दिलेलं नाही.

सरांना राग येत नसे असं समजू नका. यायचा, पण टपालाने यायचा! सोमवारी झालेल्या अपमानाचा राग गुरुवारी पोचायचा, तोही आंघोळ करताना. मग सर साबण हातात धरून असं काही सडेतोड बोलायचे, की समोरचा नळसुद्धा मान खाली घालून ऐकायचा.

हे अपमान बहुतेक एकाच माणसाकडून होत. मुलांच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. त्याला सगळे तोफ म्हणत. तो कुजबुजला तरी वरच्या मजल्यावरच्या वर्गातली मुलं "हजर!" म्हणायची. दर शनिवारी मोठं मैदान तोफेचं. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही! त्याने एका शनिवारी घेतलं, सर "बघू" म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते त्याच्या वाडवडिलांचं झालं.

मुलींचाही संघ होता. तो पाण्याची टाकी आणि सायकल स्टँड यांच्यामधल्या बोळात खेळायचा. गोलाचा एक खांब म्हणजे टाकीचा नळ, दुसरा म्हणजे कुणाचं तरी दप्तर. चेंडू जोरात गेला की सायकलींची अख्खी रांग लोटांगण घालायची आणि मग खेळ थांबवून सगळ्या जणी सायकली उभ्या करायच्या. या संघाची गोलरक्षक होती सरांची नात. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष. दोन वर्षं सराव करून तिला खऱ्या मैदानावर, खऱ्या गोलासमोर, एकही खरा सामना खेळायला मिळाला नव्हता. कारण आसपासच्या शाळांत मुलींचे संघच नव्हते. होता फक्त पुलापलीकडच्या शाळेत.

आणि त्याच शाळेचं हे पत्र! 'आमच्या मुली तुमच्या मैदानावर सामना खेळायला येऊ इच्छितात. अमुक महिन्याचा शेवटचा शनिवार सोयीचा आहे. नंतर परतीचा सामना आमच्याकडे ठेवता येईल. कळवावे.'

'हो' लिहायचं तर तोफेकडून मैदान काढून घ्यायला हवं. 'नाही' लिहायचं तर रोज रात्री नातीसमोर जेवायला बसायला हवं. शिवाय बाईंना 'महोदया' लिहावं की 'आदरणीय भगिनी', यावर सरांचं मत दिवसाआड बदलायचं. मग सिद्धान्त कामाला आला. पत्र खिशात राहिलं.

इकडे नात रोज रात्री ताटावर कडाडायची. "दोन वर्षांत एकदा तरी विचारलं का त्या पलीकडच्यांनी? माज आहे, माज! आपण त्यांना खेळायच्या लायकीच्या वाटत नाही!"

"असेल गं काही अडचण," सर पुटपुटायचे.

"आजोबा, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका!"

घास घशात अडकायचा. सर पाणी प्यायचे. सूनबाई म्हणायची, "बाबा, तुम्हाला हल्ली उचकी फार लागते. कुणीतरी आठवण काढत असेल!"

आठवण काढत होतंच. पुलापलीकडे!

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सर शाळेत आले, ते तोफेच्या सामन्याची प्रथमोपचार पेटी काढून द्यायला. मैदानावर ताजी फक्की मारलेली, पांढऱ्या रेघा चकचकताहेत, तोफेची मुलं एका बाजूला, पाहुण्या शाळेची मुलं दुसऱ्या बाजूला, मध्ये काळ्या कपड्यातला पंच. सगळं यथासांग. आणि तेवढ्यात फाटकातून एक बस आत आली. बसमधून मुली उतरल्या. निळ्या गणवेशात, पायात बूट, खांद्यावर पिशव्या. शेवटी उंच, काटक, कपाळावर काळा चष्मा चढवलेल्या एक बाई उतरल्या आणि त्यांनी सरांचा हात असा दाबला की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्हीच ना क्रीडाप्रमुख? आलो बघा, ठरल्याप्रमाणे!"

"ठ... ठरल्याप्रमाणे?"

"म्हणजे काय! पत्र पाठवलं, तुमचा नकार आला नाही. ठरलंच की!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांना कुणीच सांगितली नव्हती. शाळाशाळांच्या क्रीडाप्रमुखांमध्ये एक जुना रिवाज आहे. सामन्याचं पत्र गेलं आणि जमणार नसेल, तरच कळवायचं. उत्तर नाही, म्हणजे होकार! सगळे क्रीडाप्रमुख मैदानावर वाढलेले. पत्र लिहायचं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ही सोय. पण आमचे सर ग्रंथालयात वाढलेले. त्यांच्या समजुतीप्रमाणे, सुसंस्कृत माणसाच्या पत्राला उत्तर आलं नाही, की तो सुसंस्कृत माणूस मुकाट्याने समजून घेतो आणि घरी बसतो. काटक बाई घरी बसल्या नव्हत्या. बस घेऊन आल्या होत्या!

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलायला ही उत्तम वेळ होती. "बाई, माझी चूक झाली." चार शब्द! पण सर म्हणाले, "या, या! वाटच बघत होतो!"

आणि त्यांनी अख्ख्या संघाला नेऊन ग्रंथालयात बसवलं. अडचणीतला माणूस पाहुण्यांना आपल्या सुरक्षित जागी नेतो, तसं. बूट घातलेल्या, उड्या मारून अंग मोकळं करणाऱ्या मुली वाचनाच्या टेबलांभोवती बसल्या. सरांनी त्यांच्यापुढे ज्ञानकोशाचे खंड ठेवले.

"मैदान आखायचंय अजून," सर म्हणाले.

काटक बाईंनी खिडकीतून पाहिलं. "आखलेलं दिसतंय की! आणि त्यावर कुणीतरी खेळतंय."

"सराव! मुलांचा सराव. आत्ता थांबतील!"

एवढं बोलून सर जे धावले ते आधी फोनकडे. घरी सूनबाईने फोन घेतला.

"नातीला शाळेत पाठव. बूट घेऊन. आणि तिच्या मैत्रिणींनाही. सगळ्या."

"काय झालं बाबा? कशासाठी?"

"बघू!"

"बघू काय बाबा! कुणाला लागलंय का? तुम्ही बरे आहात ना?"

"बघू!" म्हणून सरांनी फोन ठेवला. तिकडे सूनबाईच्या काळजाचं पाणी झालं. तिने गॅस बंद केला, मुलीला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाली.

मग सर मैदानाच्या पलीकडच्या कडेला तोफेपाशी गेले. सामना सुरू झाला होता.

"जरा बोलायचं होतं..."

"सामन्यानंतर!"

"सामन्याबद्दलच. म्हणजे दुसऱ्या..."

"डावीकडे घे! डावीकडे घे, गाढवा!" तोफ गरजली. हे मैदानावरच्या मुलाला होतं, पण सर दोन पावलं डावीकडे सरकले, आणि सरकत सरकत अलीकडच्या कडेला परत आले.

ग्रंथालयात काटक बाईंचा धीर संपला. मुलं थांबायचं नाव घेईनात, तेव्हा त्या मुलींना घेऊन मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "मुलींनो, टाळ्या वाजवा! उरकतील लवकर!" मुलींनी टाळ्यांचा धडाका लावला. "उरका! उरका!" पाहुण्या मुलांना वाटलं, ही यजमान शाळेने आपली टर उडवायला आणलेली फौज आहे! त्यांचा प्रशिक्षक, गोल चेहऱ्याचा, आधीच घामाघूम, तो पंचाकडे हातवारे करू लागला. आणि वरच्या मजल्यावरून मोठ्या बाईंनी खाली पाहिलं, इतके प्रेक्षक पाहून त्यांचा ऊर भरून आला, आणि त्यांनी शिपायाला सांगितलं, "त्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलींना सरबत द्या! केवढा हा उत्साह!"

अशी सगळी घडी बसली असताना फाटकातून सूनबाईची स्कूटर आत आली. मागून रिक्षांतून, सायकलींवरून मुलींचा संघ. कुणाची एकच वेणी घातलेली, कुणाच्या केसांना तेल चोपडलेलं, कुणी शिकवणीतून उठून आलेली, कानाला पेन तसंच. आणि सगळ्यांच्या पुढे, हातमोजे मुठीत आवळून, नात! तिने निळ्या गणवेशातल्या मुली पाहिल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट काटक बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आज आठवण झाली होय आमची? दोन वर्षं आम्ही वाट बघतोय! एक सामना मागायला तुम्हाला इतका कमीपणा वाटतो?"

काटक बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "ए मुली! मी पत्र पाठवून दोन महिने झाले! उत्तर द्यायचं सौजन्य तुमच्या शाळेने दाखवलं का?"

"कसलं पत्र? आम्हाला कुठलंही पत्र आलं नाही!"

"तुमच्या क्रीडाप्रमुखांच्या नावे पाठवलंय!"

टाळ्या थांबल्या. नात हळूहळू वळली. सूनबाई वळली. निळा संघ वळला, घरचा संघ वळला. सरबताचा ट्रे घेऊन आलेला शिपाईसुद्धा वळला. सर जिथे उभे होते तिथे फक्त सर होते, त्यामुळे मागे वळून बघण्यात अर्थ नव्हता. तरी त्यांनी बघितलं.

"आजोबा?"

"मी... उत्तर लिहीतच होतो."

"दोन महिने?"

"मायन्यावर अडलो होतो."

 नातीचा आवाज असा खाली आला, की तिने ओरडावं असं सरांना वाटलं. "मी रोज रात्री तुमच्यासमोर बसून त्यांना शिव्या घातल्या. रोज! आणि तुम्ही पाणी पीत बसलात?"

"तरी मी म्हणते बाबांना उचकी कसली लागते!" सूनबाई म्हणाली.

एवढ्यात चेंडू बाहेर गेला म्हणून खेळ क्षणभर थांबला. तोफ पलीकडच्या बाजूला उभी होती, पण अशा गोष्टी तोफेला पलीकडूनही ऐकू येतात. तो पोट धरून हसला. "अहो सर! कशाला एवढं टेन्शन! द्या की त्यांना टाकीजवळचा बोळ! मुलीच तर आहेत, टाइमपास करतील. सवय आहे त्यांना!"

आणि वाचकहो, त्या क्षणी एक अघटित घडलं. सरांना राग आला. गुरुवारी नाही, आंघोळ करताना नाही. तिथेच! कानाच्या पाळ्या तापल्या, कोटाची बटणं आवळल्यासारखी झाली, आणि सरांना प्रथम वाटलं की आपल्याला हृदयविकाराचा झटका येतोय. पण तो राग होता. ओळख नव्हती, म्हणून कळायला वेळ लागला.

सर तोफेकडे निघाले. मैदानाला कडेने वळसा घालून जायचं असतं, हे पुस्तकी माणसाला कोण सांगणार? दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, एवढं मात्र त्यांना पाठ होतं. ती सरळ रेषा गोलासमोरून जात होती. आणि खेळ पुन्हा सुरू झाला होता!

"सर, बाजूला!" पंच ओरडला.

"आजोबा!" नात ओरडली.

पाहुण्या संघाच्या एका दांडग्या मुलाने चेंडू हाणला. तो खरं तर गोलाच्या बाहेर, सायकल स्टँडकडे चालला होता. वाटेत सर आले. चेंडू सरांच्या पाठीला, किंवा खरं सांगायचं तर पाठ जिथे संपते तिथे, सणसणीत बसला, दिशा बदलून उसळला आणि थेट गोलात गेला! तोफेचा गोलरक्षक सरांकडे आ वासून बघत उभा होता. त्याचा आ अजून वासलेलाच होता.

"गोऽऽल!" पाहुणी मुलं एकमेकांच्या अंगावर पडली.

"हा गोल नाही!" तोफ डागली गेली.

"गोलच आहे!" गोल चेहऱ्याचा प्रशिक्षक मैदानात घुसला. "तुमचाच माणूस आहे, तुमच्याच माणसाला लागून गेलाय!"

"तो माणूस नाही, क्रीडाप्रमुख आहे!"

पंच बिचारा घाम पुसत उभा. क्रीडाप्रमुखाला खेळाडू धरायचं, प्रेक्षक धरायचं की झाड? काही सुचेना, तेव्हा पंचाला जे करता येतं ते त्याने केलं. खिशात हात घातला आणि जमिनीवर बसकण मारलेल्या सरांच्या डोक्यावर लाल कार्ड उगारलं.

"लाल?" सर म्हणाले. "मी या शाळेचा क्रीडाप्रमुख आहे!"

"म्हणूनच लाल! साधा माणूस असता तर हाताला धरून बाहेर काढलं असतं. उठा!"

सर उठायला गेले. गुडघा कुरकुरला, नकार देऊन मोकळा झाला. आणि मग सरांनी ठरवलं, की आपण पडलेलो नाही. आपण ठाण मांडलंय!

"नाही!" सर म्हणाले.

शिपायाच्या हातातला ट्रे डळमळला. सूनबाईने कपाळाला हात लावला. सर 'नाही' म्हणाले! पण ती तर नुसती सुरुवात होती.

"नाही उठणार! कोण तू मैदान वाटणारा?" पहिलीतल्या पोरांनाही 'अहो' म्हणणारे सर तोफेला 'तू' म्हणत होते! "दोन वर्षं पोरी नळाला खांब समजून खेळताहेत! चेंडूपेक्षा सायकली जास्त उचलल्यात त्यांनी! आणि तू म्हणतोस सवय आहे? सवय तुला लागली! मैदान फुकट खायची! आणि ती मी लावली! हो, मीच! मी बुळा आहे, मी पळपुटा आहे, मी दोन महिने एका ओळीचं उत्तर लिहू शकलो नाही! माझ्यासारखा नालायक क्रीडाप्रमुख शोधून सापडायचा नाही! पण शनिवार कुणाला द्यायचा हे त्या नालायकानेच ठरवायचं असतं, आणि हा शनिवार मुलींचा आहे!"

बोलून सरांना धाप लागली. साबण हातात नसताना ते इतकं कधीच बोलले नव्हते.

मोठ्या बाई जिना उतरून धावत आल्या. "सर! तुम्हाला लाल कार्ड मिळालंय आणि तुम्ही मैदानात बसलायत? मुलांनी यातून काय शिकायचं?"

"शिकू देत काय शिकायचंय ते!"

मोठ्या बाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनाही ओरडायला कुणीतरी हवं होतं. सर हाताशी होते, पण सर आज ओरडून घेत नव्हते. मग त्या उरलेल्या दोघांकडे वळल्या.

"गोल धरा, नाहीतर आम्ही चाललो!" गोल चेहऱ्याचा म्हणत होता.

"चालते व्हा! धरणार नाही!" तोफ म्हणत होती.

"दोघंही माझ्या खोलीत! आत्ता! या क्षणी!" मोठ्या बाई कडाडल्या.

दोघं एकमेकांना ढोसत निघाले. मागोमाग दोन्ही संघांची मुलं, कुणी भांडण बघायला, कुणी सरबत प्यायला. मैदान रिकामं झालं. राहिले फक्त सर आणि पंच. पंचाने शिट्टी पुसली, आभाळाकडे पाहिलं. "मला सकाळभर बोलावलंय. कुणी खेळणार आहे का?"

काटक बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "मुलींनो!"

आणि दोन्ही संघ मैदानात उतरले. निळा एका बाजूने. दुसऱ्या बाजूने आपला, एक वेणीवाला, तेल चोपडलेला. नात हातमोजे चढवत गोलाकडे आली. गोलासमोर आजोबा बसले होते. ती थांबली, खाली वाकली, त्यांच्या काखेत हात घालून तिने त्यांना उभं केलं, कोटावरची फक्की झटकली. सरांना वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलणार.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला गोल दिसत नाहीये."

सर कडेला जाऊन उभे राहिले. तर पंच मागोमाग! "सर, बाहेर. लाल कार्ड आहे तुम्हाला."

"अहो, तो सामना वेगळा होता!"

"मैदान तेच आहे. कुंपणाच्या बाहेर!"

सर वाद घालायला निघाले होते, पण दोन वर्षांचा राग एका दमात संपला होता. नवा यायला गुरुवार उजाडणार. तेव्हा ज्या माणसाने हा सामना मिळवून दिला तो पाण्याच्या टाकीमागे, तारेच्या जाळीला नाक लावून उभा राहिला. जाळीतून त्याला सहसा कुणाचे तरी पाय दिसत. गोल झाला की आरडाओरडा ऐकू यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. दर वेळी सर टाळी वाजवायचे. मग शेजारचा शिपाई म्हणायचा, "सर, आपल्यावर झालाय." टाळ्या बऱ्याच झाल्या.

आपल्या मुली सपाटून हरल्या! हरणारच होत्या. त्यांना बोळात खेळायची सवय. मोठ्या मैदानावर त्या सगळ्या एकाच ठिकाणी गोळा व्हायच्या, आणि चेंडू लांब गेला की सवयीने सायकली उचलायला धावायच्या. पण एक चेंडू, निळ्या कप्तानाने अगदी जवळून मारलेला, नातीने आडवी झेप घेऊन असा अडवला, की काटक बाईंनी स्वतःच्या संघाला विसरून आरोळी ठोकली. तेवढं एक सरांना जाळीतून स्वच्छ दिसलं. त्यांनी जाळी दोन्ही मुठींत धरली होती, ती सोडवायला नंतर शिपायाची मदत घ्यावी लागली.

सामना संपला. नात चिखल, फक्की आणि घाम यांनी माखून बाहेर आली. सर पुढे झाले. "तो जो अडवलास ना—"

"माझ्याशी बोलू नका."

"अगं, हरलात तरी—"

"हरले त्याचं नाही! आम्हाला दोन महिने आधी कळलं असतं ना आजोबा, तर आम्ही पहाटे येऊन या मैदानावर सराव केला असता! हरलो असतो, पण अशा नसतो हरलो!"

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. गुरुवारीही येणार नव्हतं.

काटक बाई बसकडे जाता जाता थांबल्या. त्याही रागातच होत्या, पण त्यांचा राग सामन्यामुळे जरा निवळला होता. "सर, परतीचा सामना आमच्याकडे. पत्रात विचारलंच होतं. पण या वेळी तुमचं गप्प राहणं मी होकार धरणार नाही! तुमच्यासाठी रिवाज बंद! लेखी 'हो' हवं, शाळेच्या शिक्क्यासह, आणि या आठवड्यात. नाही आलं, तर आमचं मैदान दुसऱ्या कुणाला जाईल. मग तुमच्या पोरी नळाशी खेळोत!"

"बघ—" सरांच्या तोंडून निघालं. नातीने नुसतं पाहिलं. सरांनी उरलेला अर्धा शब्द गिळला.

त्या दुपारी घरी सूनबाईने चहा विचारला नाही, सरळ आणून आदळला. सर टेबलाशी बसले आणि लिहू लागले. नात समोर खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसली. गुडघा सोललेला, त्यावर औषध.

सरांनी पहिला कागद तिच्यापुढे सरकवला. तिने वाचला. "तीन पानं? यात सामना कुठे आहे?"

"शेवटी. आधी खेद व्यक्त केलाय."

टर्रकन कागद फाटला.

दुसरा. "यात तुम्ही राजीनामा का दिलाय?"

"नैतिक जबाबदारी म्हणून..."

"राजीनामा दिलात तर पुढचा शनिवार आम्हाला कोण देणार? तोफ?" टर्रकन!

तिसऱ्या कागदावर मायना होता, 'महोदया'. त्याखाली, 'परतीच्या सामन्याला आमचा संघ येईल.' खाली सही. नातीने तो दोनदा वाचला, सरांच्या पिशवीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि असा हाणला की टेबलावरचा चहा सांडला.

"चला."

"आत्ता? सोमवारी शाळेतून जाताना टाकलं असतं..."

"आत्ता!"

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ती एक पाऊल पुढे, लंगडत. सर एक पाऊल मागे, पाठ चोळत. पेटीपाशी सरांनी पाकीट दोन्ही बाजूंनी निरखलं. 'येईल' लिहिलंय. 'येईलच' हवं होतं का? की 'आनंदाने येईल'? 'महोदया' जरा कोरडं तर नाही ना? त्यांनी हात पेटीच्या तोंडात घातला.

"टाकलंत?"

"टाकलं."

"मग हात अजून आत का आहे?"

 नातीने त्यांचं मनगट धरलं आणि एक झटका दिला. आत काहीतरी खाली पडल्याचा बारीक आवाज झाला. हात बाहेर आला. रिकामा.

दोघं परत निघाले. मनगट मात्र तिने घर येईपर्यंत सोडलं नाही. आता याला तुम्ही माया म्हणा; सरांनीही सुरुवातीला तसंच मानलं होतं. पण मधेच त्यांनी सहज एकदा मागे वळून पेटीकडे पाहिलं, तेव्हा तिने पकड आणखी आवळली!